"पत्री मारा याला!" : एका शिक्षेची, एका सरकारची आणि 'गुंड' या शब्दाची गोष्ट

ज्यांचा हेडफोन घरी राहिलाय किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मध्येमध्ये येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी भाग तोच.

तर सुरुवात एका व्हिडिओपासून करू. मागच्या महिन्यात आमच्या आजोळच्या ग्रुपवर एक क्लिप आली. आजोळ पलूस तालुक्यात, सांगली जिल्हा. दोन पोरं मोटरसायकलवरून येतात, एका म्हाताऱ्या पेरूवाल्याची पाटी लाथेनं उडवतात आणि हसत निघून जातात. बास, एवढंच. खाली कमेंटी सुरू. "लय माज आलाय", "उचला ह्यास्नी", आणि मग एका काकांनी लिहिलं, "पत्री मारा!" त्याच्याखाली दहा-बारा जणांचे अंगठे.

माझा मामेभाऊ अकरावीत आहे. त्यानं विचारलं, "दादा, पत्री म्हणजे गणपतीला वाहतात ती ना? ती मारायची कशी?"

मला हसू आलं. पण मग वाटलं, प्रश्न बरोबर आहे. पत्री म्हणजे गणपतीची एकवीस पानं, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. सातारा-सांगलीच्या जुन्या माणसाला मात्र 'पत्री' म्हटलं की वेगळंच काहीतरी आठवतं. त्या शब्दात एक शिक्षा आहे, एक अख्खं सरकार आहे, आणि 'वाईट वागणारा माणूस' कुणाला म्हणायचं, याचं जुनं भांडण आहे. आजचा भाग त्यावर.

आगाऊपासून गुंडापर्यंत

आधी जरा आपल्या भागातले शब्द बघू. वाईट वागण्याची आपल्याकडे चांगली चढती भाजणी आहे.

लहान पोरगं मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतं, ते 'आगाव'. थोडं मोठं होऊन उलट बोलायला लागलं की 'लय शाना झालाय'. अंगात जोर आला आणि तो कुठं जिरवायचा हे कळेना, की 'मस्ती आलीय'. मस्तीला पैसा किंवा ओळख मिळाली की तिचा 'माज' होतो. कामधंदा न करता नाक्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची टिंगल करणं म्हणजे 'टगेगिरी'. आणि त्याच्या पुढची पायरी 'गुंडगिरी'.

यातली मस्ती आणि माज उतरू शकतात. आपण म्हणतोच, "मस्ती जिरली", "माज उतरला". पण 'गुंडपणा उतरला' असं कधी ऐकलंय? नाही. मस्ती ही माणसाला 'येते'. गुंड माणूस 'असतो'. पहिला शब्द वागण्याला चिकटतो, दुसरा माणसाला. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

'दादा' या शब्दाचं तर काय सांगावं. घरात दादा म्हणजे थोरला भाऊ. सांगलीत नुसतं 'दादा' म्हटलं तर वसंतदादा. आणि त्याच शब्दाला 'गिरी' जोडलं की पोलिसात तक्रार. शब्द एकच, मागे माया आहे की धाक आहे, यावर सगळं ठरतं.

बैल, नालबंद आणि पत्री

आता 'पत्री'कडे येऊ. ऊस तोडणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गाडीवान बैल घेऊन नालबंदाकडे जातात. डांबरी रस्त्यावर भरलेली गाडी ओढायची तर बैलाचे खूर झिजतात. म्हणून खुराला लोखंडाची चपटी पट्टी ठोकायची. घोड्याचा खूर अखंड, त्याला एक नाल पुरते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून दोन वेगळ्या पट्ट्या. त्यालाच आपल्याकडे 'पत्री मारणं' म्हणतात.

कधी बघितलं असेल तर आठवा. बैलाला दोरानं आडवा पाडतात. चारी पाय एकत्र बांधतात. केवढं बलदंड जनावर, पण त्या दोन मिनिटांत त्याला हलताही येत नाही. नालबंद हातोडीनं टक टक करत खिळे ठोकतो. खूर निर्जीव असतो, बैलाला खिळ्याचा त्रास होत नाही. पण हेच माणसाच्या तळपायाला केलं तर?

हा विचार डोक्यात आणा आणि आता माझ्याबरोबर १९४२ मध्ये चला.

सातारा तेव्हा केवढा होता

आधी नकाशा. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आहेत. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. सांगली शहर तर पटवर्धनांच्या संस्थानात होतं. मिरज, जत, औंध ही आणखी संस्थानं. म्हणजे इंग्रजी मुलूख आणि संस्थानी मुलूख एकमेकांत गोधडीच्या ठिगळांसारखे मिसळलेले. इंग्रजी हद्दीतल्या पोलिसाला पाठलाग करताना मध्येच दुसऱ्याची हद्द लागायची. पुढे प्रतिसरकारची राजधानी म्हणून जे गाव ओळखलं गेलं ते कुंडल औंध संस्थानात होतं. भूमिगतांना ही ठिगळं फार उपयोगी पडली.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. नेते पकडले गेले. पण सातारा जिल्ह्यात लोकांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे काढले. कराड, पाटण, तासगाव. हजारो शेतकरी, हातात तिरंगा. मग ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे लोक पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार, तिथं किर्लोस्करवाडीचे इंजिनियर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले.

या दोन दिवसांनंतर उघड मोर्चे थांबले. कार्यकर्ते भूमिगत झाले. उसाचा फड, डोंगराची कपार, कुणाच्या तरी माळ्यावरची वैरण, हे त्यांचे पत्ते झाले.

रिकाम्या जागेत गुंड शिरले

इथं गोष्टीचं एक वळण आहे, ते सहसा भाषणात सांगत नाहीत.

पोलीस भूमिगतांच्या मागावर. मग गावातल्या चोऱ्या, मारामाऱ्या, दरोडे यांच्याकडे बघणार कोण? ही संधी साधली ती खऱ्याखुऱ्या दरोडेखोरांनी. काही टोळ्या तर चळवळीचंच नाव सांगून लोकांना लुबाडायच्या. रात्री दार वाजवायचं, "आम्ही काँग्रेसची माणसं" म्हणायचं आणि घर धुऊन न्यायचं.

भूमिगतांपुढे मोठाच पेच. सरकारच्या दृष्टीनं ते गुन्हेगार होतेच. आता लोकांच्या दृष्टीनंही झाले असते, तर आसरा कुणी दिला असता? भाकरी कुणी दिली असती? त्यांचं सगळं बळ लोकांच्या विश्वासात होतं. तेव्हा 'आम्ही गुंड नाही' हे दाखवायला एकच मार्ग उरला. गुंडांचा बंदोबस्त आपणच करायचा.

१९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलेलं प्रतिसरकार नीट समजून घ्यायचं असेल तर ते इथून समजून घ्या. नाना पाटील मूळचे येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी होती, १९३० मध्ये ती सोडून चळवळीत आलेले. बोलणं अस्सल रानातलं, सभेला माणूस मावत नसे. त्यांच्याबरोबर कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर, पांडू मास्तर, नाथाजी लाड अशी तरुण मंडळी. बहुतेक सगळी विशी-पंचविशीतली. म्हणजे हा भाग ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या वयाची!

देशात इतरत्रही अशी सरकारं झाली. उत्तर प्रदेशात बलियाला चित्तू पांडे यांचं सरकार काही दिवस टिकलं. बंगालात तामलूकला १७ डिसेंबर १९४२ रोजी ताम्रलिप्त जातीय सरकार स्थापन झालं, ते १९४४ पर्यंत चाललं. सातारचं सरकार १९४६ पर्यंत चाललं.

वाईट वागणं म्हणजे नेमकं काय?

सरकार म्हटलं की न्याय आला, आणि न्याय म्हटला की गुन्ह्यांची यादी आली. प्रतिसरकारच्या गाव समित्या आणि न्यायदान मंडळं होती. त्यांच्यापुढे येणाऱ्या तक्रारी बघितल्या की त्या काळच्या गावाला काय खुपत होतं ते कळतं.

एक, चोर आणि दरोडेखोर. दोन, पोलिसांना भूमिगतांचा ठावठिकाणा सांगणारे खबरे. तीन, गहाण जमीन गिळून बसलेले सावकार. चार, दारू गाळणारे आणि विकणारे. पाच, बायाबापड्यांना त्रास देणारे, बायको टाकून देणारे, परस्त्रीवर हात टाकणारे.

यादी नीट बघा. यातल्या दरोड्याला इंग्रजी कायद्यात शिक्षा होती. पण सावकारानं कागदावर अंगठा घेऊन जमीन लाटली तर कायदा सावकाराच्या बाजूनं. खबऱ्याला तर सरकार बक्षीस द्यायचं. म्हणजे इंग्रजांच्या कायद्यात जो 'निष्ठावान', तो गावाच्या यादीत बदमाश.

निकाल गावातच व्हायचा, लोकांसमोर. दोन्ही बाजू ऐकायच्या, पंचांनी ठरवायचं. कोर्टात वर्षानुवर्षं रखडलेले बांधाचे वाद एका बैठकीत मिटायचे. बऱ्याच वेळा माफी मागणं, दंड, जमीन परत देणं एवढ्यावर भागायचं. हेच लोक साधी लग्नं लावायचे, बँडबाजा नाही, हुंडा नाही, त्याला 'गांधी विवाह' म्हणत. लग्नातल्या कर्जापायी माणूस सावकाराच्या दारात जातो, म्हणून मूळच तोडायचं.

आणि ज्याला माफी-दंडानं फरक पडत नाही, त्याला पत्री.

पत्री मारली म्हणजे काय केलं?

आता मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर. याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात.

पहिली, लोकांच्या तोंडी असलेली. गुन्हेगाराला बैलासारखा आडवा पाडून त्याच्या तळपायाला लोखंडी पत्र्या ठोकायचे. दुसरी, चळवळीशी संबंधित बऱ्याच लोकांच्या सांगण्यात येणारी. माणसाचे पाय बांधून तळव्यांवर काठीचे फटके द्यायचे, इतके की त्याला कित्येक दिवस पाय टेकता येऊ नये. या मारालाच 'पत्री मारणं' म्हणत. शब्द नालबंदाकडून उसना घेतलेला.

शिक्षेचा जोर मारात होता तेवढाच शब्दातही होता. 'तळव्यावर फटके' म्हटलं तर कोण घाबरेल? 'पत्री' म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे तो बांधलेला बैल आणि हातोडी यायची. एका गावात एकाला शिक्षा झाली की बातमी पाच गावांत पोचायची, आणि प्रत्येक गावात खिळा थोडा लांब व्हायचा!

भाषेनंही हातभार लावला. 'प्रतिसरकार' हा शब्द शिकलेल्यांचा. रानातल्या माणसाच्या जिभेवर 'प्रति'चं 'पत्री' होणं अगदी सोपं. त्यात शिक्षेचं नावही तेच. झालं, प्रतिसरकारचं 'पत्री सरकार' झालं आणि लोकांनी तेच नाव घट्ट धरलं.

कासेगावला राहून या भागाच्या चळवळींवर लिहिणाऱ्या गेल ऑम्व्हेट यांनी या लढ्याकडे शेतकऱ्यांचा लढा म्हणून बघितलं. मला हे नावाच्या बाबतीतही पटतं. एका राजवटीचं नाव बैलाच्या खुरावरून पडावं, हे शेतकऱ्यांच्या मुलखातच होणार.

दुसऱ्या बाजूचा शब्दकोश

हीच माणसं सरकारी कागदात कशी दिसत होती?

७ जून १९४३. कराड तालुक्यात शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली गेली. जी. डी. बापू आणि 'तुफान सेने'चे कॅप्टन रामचंद्र लाड, म्हणजे कॅप्टन भाऊ, यांच्या नेतृत्वाखाली पैसे काढून घेतले आणि ते चळवळीकडे गेले. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ रोजी, धुळे भागात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना असाच ताब्यात घेतला.

कायद्याच्या भाषेत याचं नाव सोपं आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत पाच किंवा जास्त माणसांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा. आजच्या भारतीय न्याय संहितेतही आकडा तोच, पाच. कलम मोजतं ती माणसं. ती का आली होती हे मोजत नाही. त्या हिशोबानं शेणोलीचा प्रकार म्हणजे दरोडा, विषय संपला.

पण कॅप्टन भाऊंना हे मान्य नव्हतं. २०२२ मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर असताना ते गेले. त्याआधी काही वर्षं पत्रकार पी. साईनाथ त्यांना कुंडलला भेटले होते. तेव्हाही भाऊंचा आक्षेप एका शब्दावर होता. आम्ही गाडी 'लुटली' म्हणू नका, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजांनी आमच्या लोकांचं लुटलेलं आम्ही परत आणलं. विचार करा, पंचाहत्तर वर्षांनंतरही हा म्हातारा माणूस एका क्रियापदासाठी भांडत होता. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

गंमत म्हणजे लूट हा शब्द इंग्रजीत आपल्याकडूनच गेला. ठग गेला, डकैत गेला, गुंडाही गेला. ज्यांनी देश उचलून नेला, त्यांनी उचलण्याला नाव मात्र आपलंच लावलं!

आणखी एक किस्सा सांगतो. नाना पाटलांची मुलगी हौसाताई. साधारण १९४३ सालची गोष्ट, वय सतरा. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांना एक 'नवरा' मारायला लागला. आरडाओरडा, शिव्या, शेवटी डोक्यात घालायला दगडच उचलला. पोलीस सोडवायला बाहेर धावले. तेवढ्यात बाकीचे साथीदार ठाण्यात शिरले आणि बंदुका-काडतुसं घेऊन पसार! नवरा वगैरे कुणी नव्हता, सगळं नाटक. त्यानं खरंच जोरात मारलं, अशी हौसाताईंची नंतर तक्रार होती. आणि खरं वाटायला नको का, असं त्याचं उत्तर. २०२१ मध्ये हौसाताई गेल्या, पण हे सांगताना त्या हसायच्या. बायकोला मारणं हे इतकं रोजचं दृश्य होतं की पोलिसांना संशयही आला नाही. एका बाजूला बायकांना त्रास देणाऱ्याला पत्री मारणारं सरकार, आणि त्याच वाईट वागण्याचा सोंग म्हणून वापर करणारी त्याच सरकारातली पोरगी.

हे भांडण जुनं आहे

शब्दावरून भांडण सातारला नवीन नव्हतं. साताऱ्याचं राज्य परत मिळवण्यासाठी रंगो बापूजींनी लंडनपर्यंत धडक मारली होती. पुढे १८५७ मध्ये त्यांच्या माणसांचा कट उघडकीला आला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडा माळावर १७ जणांना मारलं गेलं. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्या वर्षाला तरी काय म्हणायचं? गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाला १८५७ च्या 'बंडाची हकीगत' म्हटलंय. सावरकरांनी १९०९ च्या पुस्तकात त्यालाच 'स्वातंत्र्यसमर' म्हटलं. वर्ष तेच, माणसं तीच, शब्द बदलला.

आणि काही माणसांना तर बाजू मांडायची संधीही मिळाली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जातीच्या जातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, बेरड अशा जमातींतल्या माणसांना काही न करताही पोलिसात हजेरी द्यावी लागायची. १९५२ मध्ये कायदा गेला. शब्द गेला का? एखाद्या गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीकडे वळते ते बघा, म्हणजे उत्तर मिळेल.

आजीची गोष्ट

आता ज्या गोष्टीमुळे हा भाग करायचं ठरवलं, ती सांगतो.

त्या 'पत्री मारा' कमेंटनंतर मी आजीला फोन केला. वाटलं, ती अभिमानानं काहीतरी सांगेल. नाना पाटलांचं नाव काढलं की एरवी ती हात जोडते. पण ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपल्या आळीच्या शेवटाला एक म्हातारा ऱ्हायचा. टाचेवर चालायचा."

माझी आई तेव्हा सात-आठ वर्षांची. म्हणजे साधारण १९७० साल. आळीतली पोरं त्या म्हाताऱ्याच्या मागं टाचेवर चालत जायची आणि ओरडायची, "पत्री! पत्री!" त्यानं चाळीसच्या सालात काय केलं होतं, हे त्या पोरांना माहीत नव्हतं. त्यांच्या आयांनाही धड माहीत नव्हतं. कुणी म्हणे खबऱ्या होता, कुणी म्हणे दारू गाळायचा. एक दिवस आईही त्या पोरांत होती. आजीनं तिला तिथंच रस्त्यात एक ठेवून दिली.

आजीचं वाक्य जसंच्या तसं सांगतो : "त्येनं त्येची शिक्षा भोगलीया. आता तुमी नवी काढू नगा."

मंडळी, आजी माझी तिसरीपर्यंत शिकलेली. पण न्यायाबद्दल मी जे वाचलंय, त्यात याच्यापेक्षा नेमकं फार थोडं आहे. शिक्षा पायाला झाली होती. पाय बरे झाले असतील, नसतील. शब्द मात्र पंचवीस वर्षं त्याच्या मागं चालत होता, आणि तो चालवत होती ती त्या काळात जन्मलेलीही नसलेली पोरं.

मी प्रतिसरकारकडे बोट दाखवत नाहीये. डोक्यावर बक्षीस, मागे पोलीस, ना तुरुंग ना कचेरी. अशा अवस्थेत त्या तरुणांनी निदान लोकांसमोर बसून दोन्ही बाजू ऐकायची पद्धत ठेवली. चुकलं तर जाब विचारायला गाव समोर होतं. त्यांच्यात आणि रात्री दार वाजवणाऱ्या टोळीत फरक होता तो हाच. हातात काठी दोघांच्याही होती. पण तळव्यावर बसलेला फटका परत घेता येत नाही आणि वरच्या कोर्टात जायची सोय नव्हती, हेही तेवढंच खरं. गांधीजींचा हिंसेला विरोध होता आणि १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं. सातारच्या बऱ्याच जणांनी ते ऐकलं नाही. दोन्ही बाजूंना आपापली कारणं होती.

वॉरंट ते मंत्रालय

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली आणि नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले. त्यानंतर शब्दांची अशी काही उलटापालट झाली की बास.

यशवंतराव चव्हाण १९४२ मध्ये फरारी होते. १९४६ मध्ये ते त्याच सरकारात गृहखात्याचे संसदीय सचिव झाले आणि पुढे देशाचे गृहमंत्री. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ रोजी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून पळाले. त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव यांचा जीव गेला, दादांना गोळी लागली. तेच दादा पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेत गेले. नागनाथअण्णांनी वाळव्याला साखर कारखाना काढला, त्याला १९४५ च्या चकमकीत गेलेल्या किसन अहिर यांचं नाव दिलं. आज त्या कारखान्यावर उसाची गाडी घेऊन जाणाऱ्या बैलाच्या खुराला पत्री असते.

आता आपण

आजही पेपरात रोज वाचतो, "सातारा-सांगली जिल्ह्यांतून तडीपार." १९५१ च्या पोलीस कायद्यात ही सोय आहे, जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दीबाहेर. कलकत्त्यात १९२३ मध्येच 'गुंडा कायदा' करून माणसांना शहराबाहेर काढायची सुरुवात झाली होती. आपल्याकडे १९८१ चा एमपीडीए कायदा आहे, त्यात वर्षभर स्थानबद्ध ठेवता येतं. हे कायदे कडक आहेत, त्यांच्यावर टीकाही होते. पण एक आहे : नोटीस निघते, बाजू मांडता येते, वर दाद मागता येते, आणि मुदत संपते. दोन वर्षांनी माणूस घरी परत येऊ शकतो.

व्हिडिओला मुदत नसते. त्या पेरूवाल्याची पाटी उडवणारी पोरं चुकलीच, त्यात दुमत नाही. दोन दिवसांनी ग्रुपवर कळलं की गावातल्याच चार माणसांनी त्यांना पेरूवाल्यापुढे उभं केलं, पाटीचे पैसे भरायला लावले आणि कान धरून माफी मागायला लावली. पेरूवाला म्हणाला, "जाऊ द्या, पोरं हायती." झाला निकाल. पण तो व्हिडिओ अजून फिरतोय, दुसऱ्या तालुक्यांतून, दुसऱ्या राज्यांतून. खाली अनोळखी माणसं 'गुंड' लिहितायत. आणखी दहा वर्षांनी त्यातला एखादा नोकरीला जाईल, कुणीतरी ती क्लिप उघडेल, आणि त्याच्या मागं टाचेवर चालत जाईल.

मी मामेभावाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मग आपला फोन काढून त्या कमेंटवरचा स्वतःचा अंगठा काढून टाकला. मला माहीतच नव्हतं की त्या दहा-बारांत तोही होता. मी काही बोललो नाही.

तर मंडळी, आजचं काम सोपं आहे. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर त्यांना विचारा, "पत्री म्हणजे काय?" उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. नाना पाटलांच्या सभेची आठवण निघेल, कदाचित उसात लपवलेल्या कुणाच्या भाकरीची निघेल. आणि टाचेवर चालणाऱ्या कुणाची आठवण निघाली, तर तीही ठेवा. फक्त त्या माणसाचं नाव मला पाठवू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!